स्लो कुकरमधला घेवडा

स्लो कुकर म्हटलं की डोळ्यापुढे येतं ते परदेशातल्या एखाद्या मराठी घराच्या ओट्यावर कोपऱ्यात बसलेलं लंबगोल भांडं आणि त्यात सकाळपासून शिजत असलेलं मटण. पण या यंत्राचा जन्म कडधान्यासाठीच झाला. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांनी त्याच्या पेटंटसाठी १९३६ साली अर्ज केला आणि १९४० साली ते त्यांना मिळालं. त्यामागे त्यांच्या आईने सांगितलेली लिथुआनियातली आठवण होती. ज्यू घरांत शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी विस्तव पेटवायचा नसतो. म्हणून शुक्रवारी अंधार पडायच्या आत शेंगांचे सुके दाणे, बटाटा, मांस असं सगळं एका भांड्यात भरून ते गावातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचं. विझत चाललेल्या भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजायचं आणि दुसऱ्या दिवशी गरम गरम घरी यायचं. या पदार्थाचं नाव चोलेंट. नॅक्सन यांनी ती भट्टी विजेवर आणली आणि यंत्राचं नावच ठेवलं ‘नॅक्सन बीनरी’. १९७० साली रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आलं. पुढे त्यात लोक काय काय शिजवायला लागले, हा भाग वेगळा.

आपल्याकडे हेच काम चुलीचा वैल करायचा. मुख्य चुलीवर भाकरी होईपर्यंत बाजूच्या वैलावर आमटीचं नाहीतर उसळीचं भांडं ठेवलेलं असायचं. तिथली आच भाकरीला पुरत नाही, पण दाणा हळूहळू मऊ करायला नेमकी लागते तेवढीच असते. प्रेशर कुकर घरोघरी आला, सहा-सात शिट्ट्यांत छोले व्हायला लागले आणि वैलाची गरज संपली. प्रेशर कुकर चांगलाच आहे, वाद नाही. पण त्यात शिजलेला दाणा आणि मंद आचेवरचा दाणा शेजारी ठेवून पाहिले तर फरक दिसतो. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. शिट्टी उचलून वाफ घाईने सोडली की दाण्याच्या आतलं पाणी एकदम उकळतं आणि साल फाटते. स्लो कुकरमध्ये पाणी फार तर उकळीच्या काठावर येतं, खळबळ नसते आणि दाणा दाण्यावर आपटत नाही. साल शाबूत, आत लोण्यासारखा गर आणि रस आपोआप मिळून आलेला. घेवड्यासारख्या दाण्याला हे फारच मानवतं.

आता या मंद आचेतली मेख. ती माहीत नसेल तर स्लो कुकरमध्ये राजमा किंवा घेवडा शिजवूच नये.

राजमा, वाघ्या घेवडा, पांढरा घेवडा ही सगळी एकाच जातीच्या झाडाची बियाणं. या जातीच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं विषारी प्रथिन, असतं. ते सगळ्यात जास्त असतं लाल राजम्यात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आकड्यांप्रमाणे कच्च्या लाल राजम्यात ते २०,००० ते ७०,००० एकक असतं आणि नीट शिजलेल्या राजम्यात २०० ते ४००. पांढऱ्या जातीत लालच्या साधारण एक तृतीयांश. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या सुरू होतात, मागून जुलाब. माणूस बहुधा काही तासांत सावरतो, पण ते तास वाईट जातात.

हे लेक्टिन उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशांना, दहा मिनिटांत नष्ट होतं. त्याहून कमी तापमानात मात्र ते दाद देत नाही. उलट ८० अंशांच्या आसपास तापवून सोडून दिलेले दाणे कच्च्या दाण्यांपेक्षा पाचपट विषारी ठरू शकतात. स्लो कुकरमध्ये शिजवलेल्या पदार्थांचं आतलं तापमान मोजलं तेव्हा ते पुष्कळदा ७५ अंशांच्या वर गेलेलंच नव्हतं, असं हेच प्रशासन सांगतं. म्हणजे रात्रभर भिजवलेला राजमा सकाळी थेट भांड्यात घालून, बटण ‘लो’वर फिरवून ऑफिसला जाणं ही सगळ्यात वाईट पद्धत आहे. दाणा संध्याकाळी मऊही लागेल, कारण आठ तासांत तो बऱ्यापैकी नरमतो. मऊ झाला म्हणजे निर्धोक झाला, हे समीकरण इथे चालत नाही.

उपाय सोपा आहे. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, दाणे दुसऱ्या पाण्यात घालून गॅसवर खळखळून उकळायचे आणि मग स्लो कुकरमध्ये टाकायचे. दहा मिनिटं पुरतात, पण प्रत्येक दाण्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता नक्की पोचावी म्हणून तीस मिनिटांची शिफारस आहे. तीसच धरावीत. वेळ मोजायला सुरुवात करायची ती सगळं पाणी उसळ्या मारायला लागल्यावर. कडेला बुडबुडे दिसू लागले म्हणजे उकळी फुटली असं नाही. तीस मिनिटं उकळायचंच, तर मग स्लो कुकर हवा कशाला, असा प्रश्न येतो. अर्धा तास ओट्यापाशी थांबायचं आणि पुढचे चार-पाच तास भांड्याकडे बघायचंही नाही, हा त्यातला फायदा. विजेची बचत वगैरे होते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. २०० वॉटचं भांडं आठ तास चाललं तर दीड युनिटाच्या वर वीज जाऊ शकते. प्रेशर कुकर त्यापेक्षा स्वस्तात काम करतो.

छोले, चवळी, वाटाणे यांच्या बाबतीत ही भीती नाही. तरीही दहा मिनिटांची उकळी त्यांनाही द्यावी. वर येणारा फेस काढता येतो आणि भांड्यात जाणारं सगळंच आधीपासून गरम असतं. थंड पाण्यासकट दाणे घातले तर स्लो कुकरला ते तापवायलाच दोन-तीन तास लागतात, आणि तेवढा वेळ सगळा ऐवज कोमट राहतो. आंबायला आणखी काय हवं?

आपलं भांडं किती तापतं, ते एकदा तपासून घ्यावं. अर्धं भांडं पाण्याने भरायचं, झाकण लावून ‘लो’वर आठ तास ठेवायचं आणि झाकण काढल्या काढल्या थर्मामीटर बुडवायचा. ८५ ते ९४ अंशांच्या दरम्यान आकडा आला तर भांडं ठीक. त्याखाली आला तर त्यात कडधान्य ‘लो’वर शिजवायच्या भानगडीत पडू नये. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन चांगलं सैल व्हायला ८५-९० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. पिष्ट त्याआधीच फुलतं. म्हणून कमी तापणाऱ्या भांड्यात दाणा फुगतो, सालही मऊ होते, पण चावला की आत खडूसारखा पिठूळ-करकरीत लागतो. मल्टिकुकरमधल्या, म्हणजे विजेवरच्या बहुउपयोगी कुकरमधल्या, ‘स्लो कुक’च्या बटणाबद्दलही सावध असावं. खऱ्या स्लो कुकरमध्ये तापणारी तार भांड्याच्या भोवती गुंडाळलेली असते आणि जाड चिनीमातीचं भांडं ती उष्णता सगळीकडून पसरवतं. मल्टिकुकर तापतो फक्त तळाशी. तीच कृती, तोच वेळ, आणि दाणे कच्चे.

भिजवण्याकडे वळू. घेवड्याचा दाणा पाण्यात टाकून तासाभराने पाहिला तर साल सुरकुतलेली दिसते, अंगापेक्षा मोठं झबलं घातल्यासारखी. पाणी शिरतं ते दाण्याच्या ‘डोळ्या’तून, म्हणजे शेंगेला तो जिथे चिकटलेला असतो त्या पांढऱ्या ठिपक्याच्या बाजूने. साल आधी फुगते, गर मागून येतो. पाच-सहा तासांनी सुरकुत्या जातात आणि दाणा तुकतुकीत दिसतो. पण तेव्हाही तो पूर्ण भिजलेला असतोच असं नाही. एक दाणा सुरीने उभा चिरावा, दोन डाळी वेगळ्या कराव्यात. आतली सपाट बाजू मधोमध खोलगट आणि फिकट-कोरडी दिसली तर अजून वेळ आहे. सगळीकडून सारखी, ओलसर आणि सपाट असेल तर झालं. आठ ते बारा तास धरावेत. एप्रिल-मेमध्ये भांडं फ्रीजमध्ये ठेवावं, नाहीतर पहाटेपर्यंत पाण्यावर फेस धरतो आणि आंबूस वास येतो. रात्री विसरलात तर दाणे दोन मिनिटं उकळून, झाकून तासभर ठेवावेत. एवढ्याने काम भागतं.

भिजवायच्या पाण्यात मीठ घालावं, लिटरला १५ ग्रॅमपर्यंत. मिठाने कडधान्य शिजत नाही, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. सालीच्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, बांधणी सैल होते आणि साल मऊ शिजते, फाटतही नाही. शिवाय चव दाण्याच्या आत मुरते. वरून मीठ घातलेली उसळ आणि आतून मुरलेली उसळ पहिल्याच घासाला ओळखू येते.

शिजण्याच्या आड येते ती आंबट चव. चिंच, आमसूल, टोमॅटो, दही, व्हिनेगर, यातलं काहीही सुरुवातीला घातलं की पेक्टिन घट्ट होतं. प्रेशर कुकरच्या जोरापुढे ते फारसं जाणवत नाही. स्लो कुकरमध्ये मात्र संध्याकाळपर्यंत दाणे कडकच राहतात आणि दोष बिचाऱ्या कडधान्याला लागतो. गुळाचंही थोडं तसंच. अमेरिकेतल्या बोस्टनचे बेक्ड बीन्स तासन्‌तास शिजूनही मोडत नाहीत, कारण त्यांत मळीसारखी काकवी असते. तिच्यातली साखर, कॅल्शियम आणि आंबटपणा मिळून दाण्याला धरून ठेवतात. म्हणून गूळ-आमसूल आपल्या आमटीत शेवटच्या अर्ध्या तासात. गोव्याच्या फेजोआदात लाल राजमा आणि गोवन सॉसेज असतं. सॉसेजमध्ये व्हिनेगर असतं, तेव्हा तिथेही राजमा आधी पूर्ण शिजवून घ्यायचा आणि मगच सॉसेज घालायचं. मग ‘लो’वर एक-दीड तास ठेवलं की चरबी सुटते आणि रसाला लाल तवंग येतो.

बोअरचं जड पाणी असेल तरी हीच अडचण, कारण त्यातही कॅल्शियम. अशा ठिकाणी भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला प्यायचं फिल्टरचं पाणी घ्यावं. खाण्याचा सोडा घातला तर दाणा लवकर शिजतो हे खरं. अर्धा किलोला पाव चहाचा चमचा, त्यापुढे जाऊ नये. जास्त झाला की साबणासारखी चव येते, रस बुळबुळीत होतो, बी-१ जीवनसत्त्वही जातं. चांगलं पाणी आणि ताजा दाणा असेल तर सोड्याला हात लावायचं कारण नाही.

ताजा दाणा ही त्यातली खरी अवघड गोष्ट. दुकानात दोन वर्षांपूर्वीचा राजमा आणि या हंगामाचा राजमा शेजारीशेजारी असतात आणि पाकिटावरून कळत नाही. गरम, दमट जागी पडून राहिलेल्या दाण्यात आत बदल होतात. दाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य विघटित होतं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटतं आणि पेक्टिनला जाऊन चिकटतं. असा दाणा पाणी पितो, फुगतो, पण शिजत नाही. मटकीत सापडतात ते गणंग वेगळे. त्यांना पाणीच लागत नाही, ते भिजल्यावर हाताने वेचून टाकता येतात. जुना दाणा वेचता येत नाही, कारण तो सगळाच तसा असतो. निवडताना पाहावं: रंग काळपटलेला, चकाकी गेलेली, बऱ्याच सालींना भेगा, बारीक भोकं. असा माल स्लो कुकरसाठी घेऊच नये, त्याला प्रेशर कुकरच लागतो. जुना आणि नवा दाणा एकत्र भिजत घालू नये, हेही ओघाने आलंच. अर्धे गरगट होतात, अर्धे कडकडीत.

नवा दाणा हवा असेल तर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्यावा. फिक्या अंगावर तांबूस-जांभळट पट्टे, खरिपाचं पीक, २०१६ पासून भौगोलिक मानांकन. राजम्यापेक्षा साल पातळ आणि चव गोडसर. शिजल्यावर पट्टे जातात आणि सगळा दाणा एकसारखा तपकिरी होतो, याचं वाईट वाटून घेऊ नये.

साडेतीन लिटरच्या भांड्याला ४०० ग्रॅम घेवडा बरोबर होतो. भांडं निम्म्याच्या वर आणि पाऊण भागाच्या खाली भरलेलं असावं. कमी भरलं तर कडेला करपतं, काठोकाठ भरलं तर मधला भाग तापत नाही. घेवडा निवडून, धुऊन दीड लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण साडेतीन चहाचे चमचे, घालून रात्रभर भिजवावा. सकाळी पाणी ओतून दाणे दोनदा धुवावेत. वजन करून पाहिलं तर ८०० ग्रॅमच्या आसपास भरतं. मोठ्या पातेल्यात पावणेदोन लिटर पाण्याला आधण आणून त्यात दाणे घालावेत, पुन्हा उकळी फुटली की तीस मिनिटं झाकण न ठेवता उकळावेत आणि फेस काढत राहावा. तोवर स्लो कुकरच्या चिनीमातीच्या भांड्यात गरम पाणी ओतून ते ऊन करून घ्यावं. थंड भांड्यात उकळतं पाणी ओतलं, किंवा फ्रीजमधलं भांडं तसंच तापत्या तळावर ठेवलं, की तडा जातो.

दुसऱ्या शेगडीवर तीन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, आठ लसूण पाकळ्या ठेचून, दोन कांदे बारीक चिरून चांगले तांबूस होईपर्यंत परतावेत. हे काम स्लो कुकरवर सोपवता येत नाही. तिथे पाण्यात काहीच लाल होत नाही. कच्चा कांदा दिवसभर शिजून फक्त गिळगिळीत गोड होतो, आणि लसणाचा उग्र वास भांड्याच्या झाकणालाही सोडत नाही. ही फोडणी, घेवडा आणि त्याचं उकळतं पाणी असं सगळं भांड्यात घालायचं. पाणी दाण्यांच्या वर दोन सेंटिमीटर राहायला हवं. वर डोकावणारे दाणे वाफेत कोरडे पडतात आणि कडक राहतात. कमी पडलं तर आधणाचंच पाणी घालावं. जास्त मात्र नको, कारण झाकणाखालून वाफ जवळजवळ जात नाही, गॅसवर आटतं तसं इथे आटत नाही. रस पातळ झाल्याची तक्रार बहुतेक इथूनच सुरू होते.

‘हाय’वर अडीच ते साडेतीन तास, ‘लो’वर पाच ते सात. पहिले दोन तास झाकण उघडू नये. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो. तपासताना एकाच दाण्यावर विसंबू नये, पाच दाणे घ्यावेत, त्यातले दोन कडेचे. पाचही बोटचेपे झाले तरच शिजले. मग दोन चमचे कांदा-लसूण मसाला, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, तीन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ घालून ‘हाय’वर आणखी अर्धा तास. पळीभर दाणे भांड्याच्या कडेला दाबून मोडले की रस आळून येतो. मीठ चाखूनच घालावं, कारण दाण्यात आधीच मुरलेलं आहे. खडा मसाला घालायचा तर नेहमीच्या निम्मा. लवंग आणि दालचिनी इतक्या तासांत फारच उतरतात आणि कडवटपणा येतो. नारळाचं दूध अगदी शेवटी, बटण बंद केल्यावर.

छोल्यांना ‘हाय’वर चार-पाच तास, काळ्या वाटाण्याला साधारण तेवढेच, चवळीला दोन-अडीच. मोड आलेले वाल, म्हणजे डाळिंब्या, स्लो कुकरमध्ये घालू नयेत. सोललेला बिरडा झाकणावर पाणी ठेवून पंधरा-वीस मिनिटांत होतो, त्याला दिवसभर कोंडण्यात काही अर्थ नाही. मसूर आणि मूग यांनाही तेच लागू. तूरडाळीचं वरण होतं खरं, पण कुकर असताना कशाला?

अमेरिकेहून कोणी आणलेलं भांडं इथल्या प्लगला लावायचं असेल तर आधी तळाची पट्टी वाचावी. तिथला दाब १२० व्होल्ट, इथला २३०. वॉट दाबाच्या वर्गाने वाढतात, त्यामुळे २५० वॉटचं भांडं इथे ९०० वॉटच्या वर खेचायला जाईल आणि थोड्याच वेळात जळेल. पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा, नुसता पिन बदलणारा अडॅप्टर उपयोगाचा नाही. वीज जाणाऱ्या गावात घरी कोणी नसताना हे भांडं लावूच नये. मधे दोन तासांपेक्षा जास्त वीज गेली आणि परत आल्यावर भांडं पुन्हा तापायला लागलेलं असलं, तरी आतलं अन्न किती वेळ कोमट होतं हे झाकण उघडून समजत नाही. अशा वेळी फेकून द्यावं.

उरलेली उसळ त्याच भांड्यात बंद करून रात्रभर ठेवू नये. जाड चिनीमाती तासन्‌तास कोमट राहते. पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकावी, तिथे ती तीन-चार दिवस राहते. फ्रीझरमध्ये ठेवायची असेल तर मसाला घालण्याआधीच दाणे रसासकट काढून ठेवावेत, दाणे बुडतील इतक्या रसात. परत गरम करताना गॅसवर उकळी आणावी, स्लो कुकरमध्ये थंड अन्न तापवायला ठेवू नये.